दातांना तारा लावण्याआधी

शाळा सुटायच्या वेळी कामशेत स्टेशनवर किंवा तळेगावच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभं राहिलं, तर हसणाऱ्या पोरांच्या तोंडात तारा दिसतात. पूर्वी हे लोणावळा-तळेगावातल्या मोजक्या घरांपुरतं होतं. आता आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या गावांतूनही आईबाप मुलांना घेऊन येतात आणि येतानाच ठरवून येतात की तारा लावायच्याच. याच मावळ तालुक्यात काम करणारी ऑर्थोडॉन्टिस्ट, म्हणजे दात ओळीत आणणारी दंतवैद्य, म्हणून मला याचा आनंद आहे. काळजी वाटते ती एकाच गोष्टीची. निर्णय झालेला असतो, पण पुढच्या दोन वर्षांत काय काय होणार आहे याची पुरती कल्पना घरात कुणालाच नसते.

ही पुस्तिका त्यासाठी आहे. तारा बसवण्याचं काम तास-दीड तासात उरकतं. बाकीचं सगळं पेशंटच्या घरी चालतं: जेवणाच्या ताटावर, मोरीपाशी, रात्री झोपण्यापूर्वी आरशासमोर. डॉक्टर महिन्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं तोंडात पाहतात, तेवढंच. ज्याच्या वाट्याला एवढं काम येणार आहे त्याला सगळं आधी सांगितलं गेलं पाहिजे. दुखणं सांगायला हवं, खर्च सांगायला हवा, पथ्य आणि मधल्या महिन्यांतला कंटाळाही सांगायला हवा, आणि तारा निघाल्यावरही काम संपत नाही हेसुद्धा. सहा महिन्यांत सोडून दिलेले उपचार मी पाहते तेव्हा मूल आळशी होतं असं मला सहसा आढळत नाही. त्याला कुणी नीट सांगितलेलंच नसतं, एवढंच बहुतेक वेळा आढळतं.

सुरुवात ‘एवढे दिवस का लागतात’ या प्रश्नापासून करते, कारण तो प्रत्येक घरातून येतो. दात जबड्याच्या हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्या तंतूंनी धरून ठेवलेला असतो. तारेचा हलका दाब दातावर सतत राहिला की ज्या दिशेला दात ढकलला जातो त्या बाजूचं हाड खाणाऱ्या पेशी जाग्या होतात, आणि मागे रिकाम्या होणाऱ्या बाजूला नवं हाड घालणाऱ्या पेशी कामाला लागतात. इंद्रायणीच्या वळणावर एका काठाची माती कापली जाते आणि समोरच्या काठावर गाळ बसत जातो, तसं हे चालतं. दात सरकतो म्हणजे त्याच्याभोवतीचं हाडच सरकतं. हा वेग साधारण महिन्याला एक मिलिमीटर असतो. दाब वाढवला तर वेग वाढत नाही, उलट त्या पडद्याचा रक्तपुरवठा दबतो, काम थांबतं आणि मुळांना इजा होऊ शकते. ‘डॉक्टर, जरा जास्त आवळा, पोराची दहावी आहे’ असं कुणी म्हणालं, तर मी आवळत नाही, त्याचं कारण हे आहे. बहुतेक उपचार दीड ते दोन वर्षं चालतात, अवघड असतील तर त्याहून जास्त.

दात सरकवता येतात हे माणसाला बऱ्याच काळापासून माहीत आहे. पिएर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ च्या आपल्या ग्रंथात धातूच्या पट्टीला दोऱ्याने दात बांधून ते ओळीत आणण्याची रीत लिहून ठेवली. अमेरिकेत एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या मोठ्या दाढा एकमेकींवर कशा बसतात त्यावरून दातांच्या बिघडलेल्या ठेवणीचे वर्ग पाडले. आम्ही आजही पेशंटच्या कागदावर आधी तोच वर्ग लिहितो. पण मावळातल्या मुलाला खरा फायदा झाला तो नंतरच्या दोन शोधांचा. १९५५ मध्ये मायकेल ब्युओनोकोर यांनी दाखवलं की दाताचं कवच आम्लाने किंचित खरखरीत केलं की त्यावर चिकटद्रव्य पक्कं धरतं. तोपर्यंत प्रत्येक दाताभोवती धातूचं कडं ठोकून बसवावं लागे. पुढे तार धरून ठेवणारे बारीक ब्रॅकेट थेट दातावर चिकटवता येऊ लागले. दुसरा शोध निकेल-टायटॅनियमच्या तारेचा. अमेरिकी नौदलाच्या प्रयोगशाळेत सापडलेला हा मिश्रधातू बराच वाकवला तरी आपल्या मूळ आकाराकडे परत येतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला जॉर्ज आंद्रेआसन यांनी तो दातांच्या उपचारात आणला. वेड्यावाकड्या दातांवरून वळत गेलेली तार सरळ होऊ पाहते आणि दातांना हळुवार आपल्यासोबत ओळीत आणते. जुन्या जाड पोलादी तारांच्या मानाने आजचं दुखणं खूपच कमी आहे ते यामुळे.

पहिल्या भेटीत कुणी तारा लावून देत नाही, आणि दिल्याच तर त्या दवाखान्यातून उठून यावं. आधी तपासणी होते, दातांची मापं घेतात, चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो काढतात आणि दोन एक्सरे काढायला सांगतात. एकात दोन्ही जबडे आणि सगळे दात एका चित्रात दिसतात, अजून हिरडीत दडलेले आणि अक्कलदाढासुद्धा. त्याला ओपीजी म्हणतात. दुसरा डोक्याचा बाजूने काढलेला असतो. दात पुढे आहेत ते दातांमुळे की जबड्यामुळे, हे त्यावरून कळतं. या दोन गोष्टींचे उपचार वेगळे आहेत. जबडा मुळात मागे असेल आणि मूल वाढीच्या वयात असेल, तर आधी काही महिने काढता-घालता येणारं उपकरण द्यावं लागतं. तिथे नुसत्या तारांनी पुढचे दात आत ओढले तर दात ओळीत येतात, पण चेहऱ्याची ठेवण बिघडू शकते. मापाच्या वेळी तोंडात थंड, पिठासारखा लगदा भरलेला ट्रे ठेवतात आणि तो दोन-तीन मिनिटांत घट्ट होतो. मुलाला उलटीची भावना होते. अशा वेळी डोकं थोडं पुढे झुकवून नाकाने श्वास घ्यायचा. कुठे कुठे आता छोट्या कॅमेऱ्याने स्कॅन करूनही मापं घेतात.

याच टप्प्यावर दात काढायचा प्रश्न येतो आणि आजी हमखास विरोध करते. ‘चांगले दात का काढायचे गं बाई?’ हा प्रश्न रास्त आहे. जबड्यात जागाच नसेल, दातावर दात चढलेले असतील किंवा पुढचे दात फार बाहेर असतील, तर जागा कुठून तरी आणावी लागते. त्यासाठी बहुतेकदा सुळ्यामागची पहिली उपदाढ काढतात, कधी चारही बाजूंची. काहींना दात न काढता, दातांच्या कडा किंचित घासून किंवा जबडा रुंद करून जागा मिळते. प्रत्येकाचं उत्तर निराळं असतं. डॉक्टरांनी दात काढायला सांगितलं, तर एक्सरे आणि साचे समोर ठेवून कारण समजावून घ्यावं. समाधान झालं नाही तर दुसऱ्या ऑर्थोडॉन्टिस्टचं मत घ्यावं. त्याचा कुणाला राग येत नाही आणि आला तरी हरकत नाही.

आता प्रत्यक्ष तारा बसवण्याचा दिवस. मागच्या दाढांना कडी बसवायची असेल तर आधी काही दिवस दोन दाढांच्या फटीत बारीक निळी किंवा हिरवी रबरं घालतात. अनेक मुलांना सगळ्या उपचारात हीच जास्त खुपतात. दातात काहीतरी अडकल्यासारखं वाटतं आणि जिभेने चाळा करावासा वाटतो. तो करू नये, रबर निघून जातं. बसवायच्या दिवशी भरपेट जेवून यावं, कारण नंतर नीट चावता येणार नाही. ओठ दोन्ही बाजूंनी प्लास्टिकच्या चौकटीने ताणून धरतात, थुंकी शोषणारी नळी गालात ठेवतात आणि दात कोरडे करतात. मग प्रत्येक दाताच्या मध्यभागी निळसर जेल लावतात. ते सौम्य आम्ल असतं. ते १५ ते ३० सेकंद ठेवून पाण्याने धुतलं की कवचाचा तेवढाच भाग खडूसारखा पांढरट दिसतो. त्यावर चिकटद्रव्य, त्यावर ब्रॅकेट आणि ब्रॅकेटवर निळा प्रकाश. तेवढ्या वेळात पेशंटने तोंड मिटायचं नसतं आणि जीभ आत ठेवायची असते, कारण थेंबभर थुंकी लागली तरी तो ब्रॅकेट पुढच्या आठवड्यात निघणार. इंजेक्शन नाही, ड्रिल नाही, दुखत अजिबात नाही. जबडा मात्र दमतो. शेवटी ब्रॅकेटांच्या खाचांतून तार ओवतात आणि प्रत्येक ब्रॅकेटवर रंगीत रबराची बारीक रिंग चढवतात. मुलं रंग मोठ्या उत्साहाने निवडतात. एवढंच सांगते, की पांढरी आणि पारदर्शक रिंग हळदीच्या रश्श्याने दोन दिवसांत पिवळी होते.

दुखणं सुरू होतं ते घरी गेल्यावर, तीन-चार तासांनी. दुसऱ्या दिवशी ते सर्वांत जास्त असतं, तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरायला लागतं आणि आठवड्यात बहुतेक संपतं. ती ठणक नसते. दात दाबल्यासारखे, किंचित हलल्यासारखे वाटतात आणि चावताना सणक येते. दात हलताहेत म्हणून घाबरू नये, ते हलायलाच हवेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घेतली तर चालते. दुसरा त्रास गालाचा आणि ओठाचा. ब्रॅकेट घासून आतून सोलवटतं, चट्टे येतात. कोमट मिठाच्या पाण्याने दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. दवाखान्यातून मिळालेलं मेण वाटाण्याएवढं घेऊन, बोटांनी मऊ करून, टोचणाऱ्या ब्रॅकेटवर चिकटवावं. ब्रॅकेट आधी पुसून कोरडा केला नाही तर मेण टिकत नाही. दोन-तीन आठवड्यांत गालाची आतली कातडी सरावते आणि मेणाची डबी कपाटात पडून राहते. या पहिल्या आठवड्यात मुलाला कुणी ‘एवढं काय त्यात’ म्हणू नये. त्याचं खरंच दुखतं आहे.

खाण्याच्या बाबतीत आपल्या भागाची सोय चांगली आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झालेला इंद्रायणी तांदूळ मऊ, चिकट शिजतो. पहिल्या आठवड्यात त्याचा गुरगुट्या भात, वरण, वर तुपाची धार, याहून चांगलं जेवण मला माहीत नाही. तांदळाची भाकरी गरम असताना मऊ असते, तीच सकाळची गार झाली की तिचे पापुद्रे आणि कडा कडक होतात. ती दुधात किंवा आमटीत कुस्करावी. मुगाची खिचडी, उपमा, दही-केळं, उकडलेला बटाटा, मऊ शिजवलेलं अंडं, काटे काढलेला मासा, सगळं चालतं. पोळीचे लहान तुकडे करून मागच्या दाढांनी चावावेत.

आणि चिक्की. लोणावळ्यात राहणाऱ्या मुलाला दोन वर्षं चिक्की खाऊ नको म्हणून सांगणं सोपं नाही, मला कल्पना आहे. तिच्या जन्माची गोष्टसुद्धा इथल्या घाटाशी जोडलेली सांगतात: बोरघाटात रेल्वेचा मार्ग घातला जात असताना कामगारांच्या हाती पडणारी गुडदाणी पुढे चिक्की झाली. बोरघाटातून गाडी धावू लागली १८६३ मध्ये, तेव्हा हा पदार्थ आपल्या रेल्वेइतकाच जुना आहे असं म्हणायला हरकत नाही. पण तारांसाठी याहून वाईट पदार्थ सापडणं कठीण. कडक पाक तोडताना ब्रॅकेटवर एकदम सगळा जोर येतो. तो तुटला नाही, तर पाक दाताला धरून त्याला ओढतो. आणि हे दोन्ही टळलं तरी तोंडात विरघळलेला गूळ तारेच्या खाली, ब्रश पोचत नाही अशा जागी साचतो. चिक्की उखळात कुटून दुधातून घ्यायची असेल तर घ्यावी आणि नंतर लगेच ब्रश करावा. तुकडा तोंडात टाकायचा नाही. फज मऊ असला तरी साखर तीच, तेव्हा फजच्या बाबतीतही हात आखडता.

भुशी धरणाच्या रस्त्यावरचं भाजलेलं कणीस पुढच्या दातांनी ओरबाडून खायचं नाही; दाणे सोलून घ्यावेत, मऊ उकडलेले असतील तर उत्तम. पेरू आणि सफरचंद फोडी करून खावं. ऊस पूर्ण बंद. दिवाळीत चकली, कडबोळी, शेव आणि कडक झालेले शंकरपाळे पाहुण्यांना द्यावेत. करंजी, बेसनाचे लाडू आणि अनारसे मुलाच्या वाट्याला ठेवावेत. गणपतीत मात्र काही अडचण नाही, मोदक मऊच असतात. बर्फ चघळण्याची, पेन चावण्याची आणि दाताने बाटलीचं झाकण उघडण्याची सवय असेल तर तारा लावायच्या आधीच सोडावी.

स्वच्छतेबद्दल मी थोडी कठोर होणार आहे. वाकडे दात निरोगी असू शकतात आणि सरळ दात किडलेले. दोन वर्षांनी तारा काढल्यावर दात ओळीत दिसावेत, पण प्रत्येक दातावर ब्रॅकेटच्या चौकोनाभोवती खडूसारखा पांढरा डाग राहावा, याहून वाईट शेवट नाही. तो डाग म्हणजे किडीची सुरुवात, आणि तो बहुधा पुरता जात नाही. ब्रॅकेटच्या वरच्या बाजूला, हिरडीकडे, अन्न साचतं. तिथे ब्रश तिरका धरून वरून खाली आणि मग खालून वर फिरवावा. दोन ब्रॅकेटांच्या मधल्या जागेसाठी बाटली धुण्याच्या ब्रशसारखा, पण काडीएवढा बारीक ब्रश मिळतो. तो तारेखालून घालावा. फ्लोराइड असलेली पेस्ट वापरावी. सकाळी, जेवणानंतर आणि रात्री, आणि यातलं रात्रीचं कधीही चुकवू नये. शाळेत दुपारच्या डब्यानंतर नळावर ब्रश करायला मुलं लाजतात. निदान खळखळून चूळ भरावी. हिरड्या सुजल्या, ब्रश लावताच रक्त आलं, तर ब्रश बंद करायचा नसतो, जास्त नीट करायचा असतो. घरात कुणी मिशरी लावत असेल तर मुलाच्या ब्रशला आणि बोटाला ती लागू देऊ नये. खरं तर याच निमित्ताने तीही सोडावी.

दर चार ते सहा आठवड्यांनी तपासणी असते. रिंगा बदलतात, तार बदलते. सुरुवातीला बारीक गोल तार असते, मग जाड, शेवटी चौकोनी पोलादी. प्रत्येक बदलानंतर एक-दोन दिवस पुन्हा थोडं दुखतं. या तारखांच्या बाबतीत मावळाची आपली अडचण आहे. जुलैत भातलावणी सुरू झाली की घरातलं प्रत्येक माणूस खाचरात असतं, आणि त्याच दिवसांत घाटमाथ्यावर पाऊस असा कोसळतो की पवनेच्या काठच्या गावातून बाहेर पडणं मुश्कील होतं. शनिवार-रविवारी पावसाळी पर्यटकांच्या गाड्यांनी लोणावळ्याचा रस्ता भरून जातो. म्हणून जूनमध्येच डॉक्टरांशी बोलून लावणीच्या आधीची आणि नंतरची तारीख घ्यावी, आणि ती मधल्या वारी घ्यावी. एखादी भेट पंधरा दिवस पुढे गेली तर काही बिघडत नाही. चार महिने गायब राहिलं तर बिघडतं, कारण ताणून बसलेली रबरं ढिली पडतात आणि कधी कधी दात भलत्याच दिशेला सरकतात. मधल्या महिन्यांत, साधारण आठव्या ते पंधराव्या महिन्यात, मुलं कंटाळतात. वरकरणी दात सरळ दिसू लागलेले असतात, आरसा म्हणतो झालं, आणि डॉक्टर म्हणतात अजून वर्ष आहे. त्या वर्षात वरच्या-खालच्या दाढांचं जुळणं, मुळांचं सरळ होणं आणि जागा भरणं ही कामं होतात, आणि ती आरशात दिसत नाहीत. याच काळात वरच्या आणि खालच्या हुकांना रबरं लावायला देतात. ती मुलाने स्वतः लावायची असतात, दिवसरात्र, जेवताना सोडून. रबरं खिशात राहिली तर उपचारही तिथेच राहतो.

ब्रॅकेट निघाला तर तो तारेवर लोंबकळत राहतो. तो ओढू नये, मेण लावून धरावा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यात फोन करावा. तारेचं मागचं टोक गालात घुसत असेल तर त्यावर मेण. मेणाने भागलं नाही आणि दवाखाना लांब असेल, तर उकळत्या पाण्यात धुतलेल्या नखं कापायच्या कटरने टोक कापता येतं, फक्त कापलेला तुकडा गिळला जाणार नाही म्हणून कापसाने धरून. तुंग किंवा कुसगावात रात्री नऊ वाजता हे ठाऊक असलेलं बरं. कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्या मुलांनी तारांवर बसणारा माउथगार्ड घालावा. ओठावर कोपर बसलं तर ब्रॅकेट ओठ आतून फाडतो.

तारा कुठल्या वयात लावाव्यात याबद्दल बरेच गैरसमज आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या वरच्या पटाशीच्या दातांत फट दिसली की आया घाबरून येतात. ही फट बहुतेकांना असते. सुळे अकराव्या-बाराव्या वर्षी खाली आले की ती बहुधा आपोआप मिटते. पण त्याच वयात एकदा दाखवून मात्र घ्यावं. वरचे दात खालच्यांच्या आत चावत असतील, मूल अंगठा चोखत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा एकच दात उलटा बसला असेल, तर ते तेव्हाच सुधारणं सोपं असतं. पूर्ण तारांसाठी अकरा ते चौदा हे वय सोयीचं, कारण दुधाचे दात पडून झालेले असतात आणि वाढही चालू असते. मोठेपणीही तारा लावता येतात. तळेगाव एमआयडीसीत आणि चाकणला काम करणारी पंचवीस-तीस वर्षांची मुलं येतात आणि त्यांचे दात छान होतात. अट एकच, हिरड्या निरोगी हव्यात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट मला स्पष्ट सांगायची आहे. ‘डॉक्टर, पुढच्या वर्षी स्थळं बघायची आहेत, सहा महिन्यांत करून द्या’ असं म्हणत मुलीला घेऊन येणारं घर मला नवीन नाही. बहुतेकदा मुलगी खाली मान घालून बसलेली असते आणि तिला कुणी काही विचारलेलं नसतं. दात सरळ करायला हरकत नाही, पण ते तिला हवे आहेत म्हणून. चावण्यात, बोलण्यात, स्वच्छतेत अडचण असेल, पुढे आलेला दात पडल्यावर फुटण्याची भीती असेल किंवा तिला स्वतःला मोकळं हसायचं असेल, तर ती कारणं पुरेशी आहेत. आणि थोडा वाकडा सुळा असलेली, नीट चावणारी, निरोगी दातांची मुलगी तारा न लावता राहणार असेल, तर तिला तसं राहू द्यावं. मी असं सांगून काही जणींना परत पाठवलं आहे.

उपचार कुठे करायचा हे ठरवताना नावामागची पदवी वाचावी. बीडीएस हे दंतवैद्यकाचं पदवी शिक्षण. त्यानंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलेला डॉक्टर या कामासाठी तयार झालेला असतो. महाराष्ट्र राज्य दंत परिषदेत नोंदणी आहे का, हे विचारायला लाजू नये. फटीतले दात जवळ आणायला घरीच रबर बांधण्याचे व्हिडिओ मुलं फोनवर बघतात. ते रबर हळूहळू हिरडीच्या आत सरकतं आणि मुळाभोवतीचं हाड खात जातं. दिसायला चांगले असलेले दात त्यामुळे गमावावे लागल्याची प्रकरणं नोंदलेली आहेत. हे घरातल्या प्रत्येक मुलाला सांगावं.

खर्चाचं म्हणाल तर धातूच्या तारा सर्वांत स्वस्त, दाताच्या रंगाच्या सिरॅमिकच्या महाग आणि पारदर्शक, काढता-घालता येणारे अलायनर सर्वांत महाग. अलायनर दिवसाचे बावीस तास घालावे लागतात आणि सगळ्या प्रकारच्या दातांना ते सारखे चालत नाहीत. महाग म्हणजे सर्वांत चांगले असं इथे नाही. एकूण रक्कम आधी लिहून घ्यावी आणि त्यात एक्सरे, तुटलेला ब्रॅकेट आणि शेवटचा रिटेनर धरला आहे का, ते विचारावं. बहुतेक ठिकाणी हप्त्यांनी पैसे घेतात. ज्यांना खासगी दवाखाना परवडत नाही त्यांनी दंत महाविद्यालयाचा रस्ता धरावा. आपल्याला जवळचं म्हणजे पिंपरीचं डॉ. डी. वाय. पाटील दंत महाविद्यालय, लोकलने जाता येतं. लोणावळ्याहून मुंबईला जाणं सोयीचं असेल तर सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. दोन्हीकडे पदव्युत्तर विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली उपचार करतात. वेळ जास्त जातो, नंबर लावावा लागतो आणि दुपारच्या लोकल कमी असल्याने शाळेचा अख्खा दिवस मोडतो. पण काम काळजीपूर्वक होतं, आणि खर्च खासगीपेक्षा कमी येतो.

शेवटचं प्रकरण रिटेनरचं आहे आणि माझी विनंती आहे की वाचणाऱ्याने ते आधी वाचावं. ब्रॅकेट काढायला अर्धा तास लागतो, दात पॉलिश करतात, जीभ दातांवरून फिरवली की गुळगुळीत लागतं आणि मूल आरशासमोरून हलत नाही. त्या दिवशी दात ओळीत आलेले असतात, पण त्यांच्याभोवतीचं हाड अजून कोवळं असतं आणि हिरडीतले ताणलेले तंतू दातांना जुन्या जागी ओढत असतात. म्हणून रिटेनर. एकतर दातांच्या मागे चिकटवलेली बारीक तार, किंवा काढता-घालता येणारी प्लेट, किंवा दोन्ही. पहिले काही महिने जवळजवळ पूर्ण वेळ, मग वर्षानुवर्षं रात्री. दात आयुष्यभर थोडे थोडे हलत राहतात, म्हणून जितकी वर्षं दात सरळ हवेत तितकी वर्षं तो घालायचा. प्लेट गरम पाण्याने धुऊ नये, वाकडी होते. जेवताना ती काढून कागदात गुंडाळून ताटाशेजारी ठेवली जाते आणि कागदासकट टोपलीत जाते. एवढ्या प्लेट या एकाच तऱ्हेने हरवतात की डबीशिवाय ती कुठेही ठेवायची नाही, हा घरचा नियमच करावा. हरवली तर मुलाला रागावू नये, नाहीतर ते महिनाभर सांगणार नाही. सांगितलं की त्याच आठवड्यात नवी करून घ्यावी. महिन्याने आलात तर जुन्या मापाची प्लेट बसत नाही, नवं माप घ्यावं लागतं, आणि उशीर फारच झाला तर तारा पुन्हा लावाव्या लागतात.